‘व्हेन्स’ म्हणजे ‘व्हेअर’ नव्हे

इंग्रजी भारदस्त करणाऱ्या शब्दांची एक यादी सध्या व्हॉट्सॲपवर फिरते आहे. ती वाचून माझ्या भाचीने नोकरीच्या अर्जात ‘द सिटी व्हेन्स (whence) आय लिव्ह’ असं लिहिलं. यादीचं म्हणणं असं: ‘व्हेन्स’ हे ‘व्हेअर’चं औपचारिक रूप आहे, ‘फ्रॉम व्हेन्स’ लिहिणारा अडाणी, हा शब्द ‘व्हेन’ आणि ‘सिन्स’ जोडून झाला, आणि तो प्रत्येक औपचारिक पत्रात वापरावा.

पहिला दावा सगळ्यात घातक. ‘व्हेन्स’ म्हणजे ‘कुठे’ नाही, ‘कुठून’. 1611च्या किंग जेम्स बायबलात, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, योहान 3:8 काढून बघा. वारा ‘व्हेअर’ हवं तिथे वाहतो, पण तो ‘व्हेन्स’ येतो आणि ‘व्हिदर’ जातो हे सांगता येत नाही. एकाच वचनात तीन शब्द, तिघांची कामं वेगळी: ठिकाण, उगम, दिशा. ‘हिअर, हेन्स, हिदर’ आणि ‘देअर, देन्स, दिदर’ यांचीही हीच घडी. पुढे ‘व्हिदर’चं काम ‘व्हेअर’नेच उचललं. आपणही ‘कुठे राहतेस’ आणि ‘कुठे चाललीस’ दोन्ही म्हणतोच. पण ‘कुठून राहतेस’ म्हणून बघा. अर्जातलं ते वाक्य वाचणाऱ्याला नेमकं तसं खटकतं. तिथे साधं ‘व्हेअर’च हवं. ‘व्हेन्स’ला येणं, निघणं, उगम पावणं अशा अर्थाचं क्रियापद लागतं. शंका आली तर त्या जागी ‘फ्रॉम व्हेअर’ घालून वाचा. अर्थ लागला नाही तर ‘व्हेन्स’ काढून टाका.

‘फ्रॉम व्हेन्स’बद्दल अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागतं. ‘पासून’ शब्दातच आहे, म्हणून ‘फ्रॉम’ची द्विरुक्ती होते. कोशकार सॅम्युएल जॉन्सननेही 1755च्या आपल्या इंग्रजी कोशात या प्रयोगाला दोष दिला आहे. पण त्याच बायबलात 121व्या स्तोत्राच्या पहिल्या वचनात ‘फ्रॉम व्हेन्स’ आहे, शेक्सपिअरच्या 48व्या सुनीतातही आहे. आज लिहिताना ‘फ्रॉम’ गाळा, हे ठीक. अडाणी कुणाला म्हणताय?

‘व्हेन अधिक सिन्स’ ही व्युत्पत्ती मनाने रचलेली आहे. मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला ‘ह्वानोन’, अर्थ ‘कुठून’. मध्ययुगात त्याला क्रियाविशेषणाचा ‘एस’ प्रत्यय लागला आणि ‘व्हेनेस’ झालं. त्या ‘एस’चा उच्चार ‘झ’ नाही, ‘स’ आहे, हे दाखवायला पुढे स्पेलिंगात ‘सीई’ आलं. ‘वन्स’, ‘ट्वाइस’ यांचंही तसंच. ‘सिन्स’च्या शेवटी हाच प्रत्यय आहे, नातं तेवढंच.

राहिला प्रत्येक पत्रात वापरण्याचा सल्ला. गणिताच्या सिद्धतेत ‘व्हेन्स इट फॉलोज’, म्हणजे ‘यावरून असं निघतं’, अजूनही लिहितात. जुन्या धाटणीच्या गद्यातही तो शोभतो. अर्जात आणि ईमेलमध्ये ‘फ्रॉम व्हेअर’ किंवा ‘फ्रॉम विच’ पुरतं.