'काका, नीट वाचून लिहीत जा' : एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक,

लेमनी स्निकेटच्या 'द बॅड बिगिनिंग' या मुलांच्या पुस्तकावरच्या (तेरा पुस्तकांच्या मालिकेतलं पहिलं, तीन अनाथ भावंडांची गोष्ट) माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी चहाबरोबर परत वाचली. तुम्ही लिहिलंय: "व्हायोलेट १२ वर्षांची नाही. डाव्या हाताने सही केली म्हणून लग्न रद्द, हा शेवट पोरकट आहे आणि पुढच्या बारा पुस्तकांत तोच साचा आहे. यातली मोठी माणसं इतकी बिनडोक आहेत की कुणालाही पटणार नाहीत. काका, पुस्तक नीट वाचून लिहीत जा."

वयाचं मान्य. थोरली व्हायोलेट १४ची, १२चा तो तिचा भाऊ क्लाऊस. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता 'काका'. मी तुमचा काका नाही. असतो तर घरात बोलायची रीत तरी शिकवली असती. आणि 'नीट वाचून'? २००४ साली जिम कॅरीचा सिनेमा आला तेव्हा हे पुस्तक मुलीसाठी आणलं. तिचं वाचून झालं, मी अजून वाचतोच आहे. चूक दाखवा, जरूर दाखवा, पण वर्गात छडी घेऊन उभं राहिल्यासारखं कशाला?

बिनडोक मोठी माणसं म्हणता ना, तो प्रसंग पुन्हा काढून बघा. मुलांना ज्याच्या घरी ठेवलंय तो काउंट ओलाफ क्लाऊसच्या थोबाडीत मारतो. मग तिघं भावंडं वाट विचारत मिस्टर पोंच्या, म्हणजे त्यांच्या वारशाचा कारभार बघणाऱ्या गृहस्थांच्या, बँकेत जातात. पो फोन घेतात, रुमालात खोकतात आणि समजावतात, की ओलाफ आता तुमच्या आईवडिलांच्या जागी आहे, तो त्याच्या पद्धतीने तुम्हाला वाढवणार. यासाठी त्यांच्याकडे एक लॅटिन शब्दप्रयोगसुद्धा तयार असतो. वर मुलं येऊन गेल्याचं ते खुद्द ओलाफलाच फोन करून कळवतात. हा माणूस बिनडोक नाही हो. कामात आहे.

मी अकरा वर्षांचा असताना वडील गेले. मला आणि धाकट्या बहिणीला एका नातेवाइकांकडे ठेवलं. तिथं काय काय झालं ते इथे लिहिणार नाही. वडिलांच्या ऑफिसातले एक साहेब पेन्शनच्या कागदांवर सह्या घ्यायला येत. एकदा त्यांना सोडायला म्हणून फाटकापर्यंत गेलो आणि बहिणीला दोन दिवस जेवायला दिलं नाही, हे सांगून टाकलं. त्यांनी ऐकलं, पूर्ण ऐकलं. "मोठ्यांचं ऐकावं, बाळा," म्हणाले, स्कूटर तिरकी केली, किक मारली. संध्याकाळपर्यंत माझं बोलणं घरात पोचलेलं होतं.

साहेब सज्जन होते. दिवाळीला आम्हाला पेढे आणायचे.

तेव्हा 'कुणालाही पटणार नाही' हे सगळ्या जगाच्या वतीने तुम्ही ठरवू नका. तुम्हाला पटत नसेल तर तुमचं बालपण चांगलं गेलं, एवढाच त्याचा अर्थ. मला मिस्टर पो पहिल्या खोकल्यालाच ओळखीचे वाटले.

सहीचं म्हणाल, तर मुलांचं पुस्तक आहे, चालतं. वारशाच्या पैशासाठी ओलाफ व्हायोलेटशीच लग्न लावू बघतो; पुस्तकातल्या कायद्यात सही 'स्वहस्ते' हवी आणि व्हायोलेट उजव्या हाताची. आता डावा हातही आपलाच असतो, हे खरं, पण असो. साच्याबद्दल सवडीने लिहीन. सातव्या पुस्तकाच्या शेवटी मुलं पालकांचा नादच सोडून पळतात, तिथपर्यंत तुम्ही पोचला होतात का, एवढं मात्र कळवा. आणि पुढच्या वेळी नाव घालून लिहा.

ता. क. : वयाची चूक बहिणीच्याही लक्षात आली होती. काल फोनवर म्हणाली, "दादा, नीट वाचून लिहीत जा." तिला चालतं.