टीव्हीनं गावचं नाटक मारलं नाही

नोव्हेंबरात मराठी रंगभूमी दिन जवळ आला, की एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरू लागतो. सोबत गॅसबत्तीच्या उजेडातला कुठला तरी जुना फोटो. मजकुराचा गोषवारा असा: शहरी कंपन्यांची नाटकं बघून खेड्यातल्या पोरांनी त्यांची नक्कल सुरू केली, बायका काम करत नसत म्हणून पुरुषच साडी नेसत, जातपात विसरून अख्खं गाव एका मांडवात बसे, पैशाचा प्रश्नच नव्हता, सगळी हौस, मग घरोघर टीव्ही आला आणि गावची हौशी मंडळं संपली. वाचायला गोड आहे, म्हणून फिरतो. खरा मात्र थोडाच आहे.

नक्कल म्हणाल, तर ज्या तारखेमुळे हा मजकूर फिरतो तीच त्याच्या विरोधात जाते. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीत, तिथले राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. त्याआधी पौराणिक खेळ करणारी कर्नाटकातली भागवत मंडळी तिथं खेळ करून गेली होती, आणि तसं काही मराठीत व्हावं ही राजांची इच्छा. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय सुटला, आणि पोटासाठी मंडळी बाहेर पडली. मुंबईनं त्यांचे खेळ पाहिले ते १८५३ मध्ये. म्हणजे मुंबईला नाटक सांगलीहून गेलं. त्या खेळात सूत्रधार पदं म्हणायचा, गणपती-सरस्वती यायची, विदूषक असायचा, आणि नट आपलं भाषण आयत्या वेळी रचून बोलायचे. सिंधुदुर्गात दहीकाला, म्हणजे दशावतारी नाटक, बघत वाढलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. तिथंही आधी गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती, संकासुर, मग आख्यान, आणि संवाद तोंडचेच. पुढं १८८० मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आल्यावर गावोगावच्या मंडळांनी संगीत नाटकं उचलली, पदं आणि मखमली पडद्यासकट, हे कबूल. पण पाटी कोरी नव्हती.

बायकांबद्दलचं वाक्य अर्धंच आहे. पुरुष साडी नेसत, बरोबर. पण बायका रंगमंचावर नव्हत्याच असं नाही. बायकांच्या स्वतःच्या नाटक मंडळ्या होत्या. गायिका हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये नूतन संगीत नाटक मंडळी काढली. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, त्या मूळच्या गोव्याच्या. अडचण होती ती घरंदाज समजल्या जाणाऱ्या बाईनं, तेही आपल्याच गावात, सासऱ्या-दिरांसमोर तोंडाला रंग लावण्याची. त्यावर मंडळांनी दोन वाटा काढल्या. एक, स्त्रीपात्रविरहित नाटक. अशी नाटकं खास हौशी मंडळांसाठी लिहिली जात. दुसरी, शहरातून पैसे देऊन नटी आणायची. हौशी नाटकातल्या नटांत मानधन घेणारी बहुधा ती एकटीच, आणि तालमी न करता एका रात्रीत पाठ केलेलं सगळं काम निभावून नेणारीही तीच. फोटोखालच्या मजकुरात तिला जागा नाही.

‘जातपात विसरून’ हे वाचून हसू येतं. मंडळ बहुतेक वेळा वाडीचं असे, आणि वाडी कुणाची ते सगळ्यांना ठाऊक असे. नाटक देवळाच्या उत्सवात. उत्सवाचे मान ठरलेले. देवळाच्या पायरीवर ज्यांना येऊ देत नसत ते त्याच देवळासमोरच्या मांडवात खांद्याला खांदा लावून बसले असतील, हे कोणाला पटेल?

आता टीव्ही. हा आरोप सगळ्यांत लाडका, आणि तारखा लावून पाहिल्या तर सगळ्यांत कच्चा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. खेड्यांत संच पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. १९८७ मध्ये ‘रामायण’ लागलं तेव्हा रस्ते ओस पडत हे खरंच, पण ते रविवारी सकाळी. गावचं नाटक रात्री दहाच्या पुढं.

त्याच दशकात दुसरं काय झालं ते बघा. कोकणातल्या कितीतरी मंडळांचा एक पाय मुंबईत होता. गिरणगावात गावमंडळाच्या खोल्या, तिथंच तालमी, कधी परळच्या दामोदर हॉलमध्ये प्रयोग, आणि शिमग्याला, गणपतीला किंवा मे महिन्यात तेच नाटक घेऊन चाकरमानी गावी. पडद्यांचं भाडं, कपडेपट, पेटी-तबलेवाले, नटीचं मानधन हे सगळं गिरणीच्या पगारातून. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. त्यातले बरेचसे पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. वर्गणी देणारा आणि काम करणारा, दोघं एकदमच गेले. ‘पैशाचा प्रश्नच नव्हता’ या वाक्याचा निकालही इथंच लागतो.

तरी कुणी म्हणेल, टीव्ही नसता तर तगली असती मंडळं. मग पूर्व विदर्भात चला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया: झाडीपट्टी. तिथंही तोच टीव्ही आला, पुढं तोच मोबाइल. तरी धान निघालं, दिवाळी झाली, की मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्तानं होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात. सोयरेधायरे मुक्कामाला येतात, सोयरिकी जुळतात, आणि प्रयोग पहाटेपर्यंत. २०२३ मध्ये या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. मात्र तिथं एक गोष्ट बदलली, आणि मजकूरवाल्यांनी हळहळायचंच असेल तर याबद्दल हळहळावं. पूर्वी गावातलीच पोरं तोंडाला रंग लावायची. आता मंडळ बहुधा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एखाद्या नाटक कंपनीला सुपारी देतं, तिकिटं विकतं आणि नफा-तोटा अंगावर घेतं. म्हणजे नाटक जिवंत राहिलं. गावातला नट प्रेक्षकांत जाऊन बसला. टीव्हीचा यात हात शोधून सापडत नाही. चांगलं नाटक विकत मिळू लागलं, म्हणून घरचं करणं सुटलं.

गोव्यात उलटं. तिथं जत्रेला, कालोत्सवाला गावातलेच लोक आजही उत्सवी नाटक बसवतात, बऱ्याचदा संगीत नाटक, आणि आता गावातल्या मुली-सुनाही त्यात असतात. शिवाय कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा आहे. देवळासमोर तयार झालेला नट तिथं जातो, तिथं शिकून परत उत्सवात उभा राहतो. महाराष्ट्रात १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा आहे, पण तिची केंद्रं शहरांत, आणि तिथं गाजलेलं नाटक गावच्या मांडवात क्वचितच पोचतं. या दोन स्पर्धांमधला हा फरक मला टीव्हीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो, आणि त्याबद्दल एकही फॉरवर्ड अजून माझ्याकडे आलेला नाही.