सरपंचाला घरी बसवायचंय? मग एवढं कराच

निवडणुकीत पडलात म्हणून तोंड लपवून फिरू नका राव, मतदान झालं म्हणजे सगळं संपलं असं थोडंच असतं, खरी मजा तर पुढे कलेक्टर ऑफिसात आहे. गावाने निवडून दिलेल्या माणसाला काढायला गाव लागतच नाही, ग्रामपंचायत कायद्यातली अपात्रतेची कलमं 14 आणि 16 आणि एक रिकामा वकील, बस झालं.

आधी सरपंचाची पोरं मोजा. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं झालेलं सापडलं की काम फत्ते. (आमदाराची मोजायला जाऊ नका, त्यांना ही अट नाही, लोकसंख्या फक्त खेड्यातच वाढते ना.)

दोनच निघाली? मग टेप घ्या आणि घराकडे चला. ओटा, न्हाणी, गोठ्याचा पत्रा, जे काही सरकारी जागेत वीतभर सरकलंय त्याचे फोटो काढा, नमुना 8 चा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा, उतारा काढा, पंचनाम्यासाठी ग्रामसेवकाच्या मागे लागा. घर सरपंचाच्या नावावर नसलं तरी घाबरायचं नाही, अतिक्रमण सासऱ्याचं आणि राहते सून, तरी सून अपात्र ठरू शकते, 2018 ला सुप्रीम कोर्टाने तशी वाट करून दिलीय. तुमचाही ओटा रस्त्यात आलाय म्हणता? असू दे की, तुम्ही कुठे सरपंच आहात!

आणि सरपंच बाई असेल तर अजिबात वेळ घालवू नका. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच बाई 2021 ला निवडून आल्या, तक्रार काय तर सासूसोबत सरकारी जागेतल्या घरात राहतात, त्या म्हणत होत्या मी नवऱ्यापोरांसोबत वेगळी भाड्याने राहते, पण कलेक्टर, आयुक्त, हायकोर्ट, कुणीच ऐकलं नाही. शेवटी सप्टेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने त्यांना परत बसवलं आणि बाई सरपंच झालेली गावकऱ्यांना पचली नाही असं स्पष्ट सुनावलं. म्हणजे तक्रारदार हरले का? छे, टर्म पाच वर्षांची, त्यातली बरीचशी कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली की बाईंची.

फक्त हा फॉर्म्युला मुंबईत चालवायला जाऊ नका. तिथे जून 2022 ला अख्खी शिवसेना फुटली, आमदारांच्या अपात्रतेवर विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला 10 जानेवारी 2024 ला, आणि अपात्र कोण? दोन्हीकडचं कुणीच नाही.

अर्ज मात्र स्वतःच्या नावाने टाकू नका, पुतण्याच्या नावाने टाका, पोटनिवडणुकीला उभं राहायचंय तुम्हाला, गावात वाईटपणा कशाला घ्यायचा.