विंडोज १० ‘संपलं’ म्हणून मशीन भंगारात काढू नका

नाशिकमधल्या व्यापाऱ्यांच्या, कारखानदारांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. मजकूर थोडक्यात असा: “१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० बंद झालं, आता मशीन कधीही बंद पडेल. जुन्या मशीनवर विंडोज ११ चालतच नाही. नवीन घ्या, प्रश्न मिटला. घ्यायचं नसेल तर चांगला अँटिव्हायरस टाका, भागतं. आणि एकदा ११ टाकलं की परत १० वर येता येत नाही.” यातली तारीख तेवढी बरोबर आहे.

“विंडोज १० बंद झालं”

थांबलाय तो आपोआप मिळणाऱ्या सुरक्षा अपडेट्सचा पुरवठा. मशीन पूर्वीसारखंच सुरू होतं, टॅली उघडतं, बिलं छापली जातात. शिवाय घरगुती आणि छोट्या दुकानातल्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट्सची, म्हणजे ईएसयूची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. त्यासाठी तीन वाटा: विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज सिंक करणं (याला पैसे नाहीत), मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट्स, किंवा एकरकमी ३० डॉलर. पैसे भरलेलं लायसन्स एकाच अकाउंटवरच्या १० मशीनपर्यंत चालतं.

सेटिंग्ज, त्यात ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, त्यात ‘विंडोज अपडेट’ उघडलं की ‘एनरोल नाऊ’ची लिंक दिसते. दिसत नसेल तर आधी व्हर्जन बघा: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘विनव्हर’ (winver) टाइप करा. २२एच२ (विंडोज १० चं शेवटचं व्हर्जन) नसेल तर आधी तिथपर्यंत या. लोकल अकाउंटवाल्यांना नोंदणीसाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतंच, पैसे भरले तरी. उशिरा नोंदणी केली तर मधली अपडेट्स मिळतात, मुदत मात्र पुढे सरकत नाही.

कंपनीच्या डोमेनला (मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यातल्या नेटवर्कला) जोडलेल्या मशीनना ही योजना लागू नाही. त्यांचा दर पहिल्या वर्षी प्रति मशीन ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे ६१, १२२ आणि २४४ मिळून एका मशीनमागे ४२७ डॉलर. तेवढ्यात साधं नवं ऑफिस मशीन येतं, त्यामुळे तिसऱ्या वर्षापर्यंत रेटण्यात आम्हाला तरी अर्थ दिसत नाही.

“जुन्या मशीनवर ११ चालतच नाही”

सगळ्यात जास्त पैसे या वाक्यापायी वाया जातात. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय), सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं विंडोज सुरू होऊ देणारी सोय) आणि साधारण इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. पिढी नावातच असते: आय५-८४०० आठवी, आय५-७४०० सातवी. मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या तपासणीच्या प्रोग्रॅमने ‘टीपीएम नाही’ म्हटलं की लोक हात टेकतात. पण आठव्या पिढीपासूनच्या बहुतेक मशीनमध्ये टीपीएम असतं, बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) नुसतं बंद ठेवलेलं असतं. इंटेलवर ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीवर एफटीपीएम नावाने.

असेंबल केलेल्या मशीनवर दुसरी अडचण येते. विंडोज लेगसी मोडमध्ये, म्हणजे जुन्या बूट पद्धतीने टाकलेलं असतं आणि डिस्क एमबीआर पद्धतीची (पार्टिशनं आखण्याची जुनी पद्धत) असते. यूट्यूब बघून कुणीतरी थेट बायोसमध्ये जातो, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद करून सिक्युअर बूट चालू करतो, आणि मशीन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणून अडून बसतं. घाबरून फॉरमॅट मारू नका. सीएसएम पुन्हा चालू केलं की जुनं विंडोज जसंच्या तसं उघडतं.

डिस्कची पद्धत आधी एमबीआरवरून नव्या जीपीटीवर न्यायची, बायोस नंतर. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘एमबीआर२जीपीटी’ ही कमांड ‘व्हॅलिडेट’ आणि ‘अलाउफुलओएस’ हे दोन स्विच लावून चालवा (mbr2gpt /validate /allowFullOS). तपासणी पास झाली की ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ (/convert). त्यानंतरच बायोसमध्ये सीएसएम बंद, सिक्युअर बूट आणि टीपीएम चालू.

तपासणी नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आपल्याकडची सी, डी, ई, एफ अशी पार्टिशनं पाडायची सवय. सी सोडून बाकीची बहुधा एका एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात असतात आणि ही कमांड एक्स्टेंडेड पार्टिशन घेतच नाही. प्रायमरीसुद्धा तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. डी-ई वरचा डेटा बाहेर काढा, ती पार्टिशनं आणि त्यांचं एक्स्टेंडेड कवच डिस्क मॅनेजमेंटमधून उडवा, कन्व्हर्ट करा, मग हवी तशी पुन्हा पाडा. फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळी राहू शकते. कार्ड काढून ऑनबोर्ड डिस्प्लेवर बघा.

सातव्या पिढीवर आणि त्याआधीच्या मशीनवर अटी चुकवून ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनच्या अपडेट्सची हमी देत नाही, तेव्हा हिशेबाच्या मशीनवर हा उद्योग नको. कोअर २ ड्युओ या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवर तर ११ चं २४एच२ पासून पुढचं व्हर्जन बूटच होत नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या सूचनाच नाहीत.

“नवीन घ्या, प्रश्न मिटला”

उलट खरे प्रश्न इथेच सुरू होतात. मशीनला मागून काय जोडलंय, हे मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेलंच नाही.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये सीएनसीला (कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्राला) प्रोग्रॅम पाठवायला यूएसबी-टू-सिरियल केबल असते. स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा प्रोलिफिकची जुनी पीएल२३०३ चिप किंवा तिची नक्कल निघते. ती ११ ला लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणाशेजारी ‘पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२’ अशी ओळ येते आणि पोर्ट उघडत नाही. जुना ड्रायव्हर टाकून तात्पुरतं चालतं, पण पुढच्या अपडेटबरोबर नवा ड्रायव्हर येऊन पुन्हा तेच. एफटीडीआय चिपची केबल घेऊन मोकळं व्हा.

लासलगाव-पिंपळगावकडे एखाद्या अडत्याची पट्टी (मालाच्या हिशेबाची पावती) अजून डॉसच्या फॉक्सप्रो या जुन्या प्रोग्रॅमवर निघत असेल, तर ते मशीन बहुधा ३२-बिट विंडोजवर आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे. १६-बिट प्रोग्रॅम त्यावर उघडत नाही आणि ३२-बिटवरून थेट अपग्रेडही होत नाही, कोरं इन्स्टॉलेशन करावं लागतं. डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये प्रोग्रॅम चालतो, पण डॉट मॅट्रिक्सवर छपाई नीट होईलच असं नाही. अशा ठिकाणी जुनं मशीन नेटपासून तोडून फक्त त्या कामाला ठेवणं शहाणपणाचं.

लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट ११ वरही चालतात. अडतं ते सॉफ्टवेअरच्या लॉकपाशी, म्हणजे प्रोग्रॅम चालायला मशीनला जोडावी लागणाऱ्या छोट्या किल्लीपाशी. लॉक पॅरलल पोर्टचं असेल तर नव्या मदरबोर्डला ते पोर्टच नसतं, आणि यूएसबी कन्व्हर्टर प्रिंटरपुरता असल्याने लॉक ओळखत नाही. मशीन घेण्याआधी विक्रेत्याकडून यूएसबी लॉक बदलून मिळतं का, ते विचारा.

“अँटिव्हायरस टाका, भागतं”

नाही भागत. अँटिव्हायरस घातक फाइल ओळखतो. विंडोजच्या सुरक्षेतलं भोक तो बुजवू शकत नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या भोकातून शिरला, त्याचं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. पुढच्याच महिन्यात तेच भोक वापरणाऱ्या नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं, आणि आपला कांदा जिथून बोटीवर चढतो त्या जेएनपीटीतलं तिचं टर्मिनल अडकलं. विंडोज १० वरच्या डिफेंडरला (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला) व्हायरसची नवी ओळखयादी ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहे, पण ती यादी म्हणजे सुरक्षा अपडेट नव्हे. ईएसयूही घ्यायचं नसेल तर त्या मशीनवर निदान नेटबँकिंग आणि जीएसटीचं काम करू नका.

“परत १० वर येता येत नाही”

येता येतं, १० दिवसांत. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, मग ‘गो बॅक’. तुमच्या फाइली राहतात. ११ वर आल्यानंतर टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात. ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते: ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयएसएमची ‘सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो’ ही कमांड ‘व्हॅल्यू ६०’ देऊन चालवायची (DISM /Online /Set-OSUninstallWindow /Value:60). ती पहिल्या १० दिवसांतच चालवावी लागते. आणि सी ड्राइव्ह भरला म्हणून डिस्क क्लीनअपमध्ये ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक केली, तर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर उडतो. मग मुदत शिल्लक असली तरी ‘गो बॅक’ चालत नाही.