म्हातारी आणि वेस

आमच्या गाडीची नोंदणी २००९ ची. घरात तिला म्हातारी म्हणतात. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी लावला की चढावर तिला दम लागतो, आणि मागची डावी काच वर घेताना कुणीतरी बाहेरून तळव्याने आधार द्यावा लागतो. महिन्यातून जेमतेम चारदा निघते. एकदा ठाण्याला सासुरवाडी, एकदा दळण आणि तांदळाचं पोतं, आणि दोनदा नुसतीच, बॅटरी उतरू नये म्हणून. बाकीचे दिवस मुलुंड पूर्वेला सोसायटीच्या आंब्याखाली उभी राहून कावळ्यांची सोय करते.

तरी शहराची हवा कोण बिघडवतं म्हटलं की पहिलं बोट तिच्याकडे. पंधरा पूर्ण झाली तेव्हा पुनर्नोंदणीचे पाच हजार भरले, वर पर्यावरण कर भरला. (कुठल्या आरटीओत किती फेऱ्या झाल्या ते लिहीत नाही, पाच वर्षांनी परत त्याच खिडकीशी उभं राहायचंय.) शिवाय ती पडली बीएस-३, म्हणजे धुराच्या जुन्या निकषांतली, त्यामुळे पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी, दर सहा महिन्यांनी. बीएस-४, बीएस-६ वाल्यांना वर्षभराचं मिळतं. वय झालं की तपासण्या वाढतात, हे आमचे डॉक्टरही मला सांगतात.

परवाच्या रविवारी पीयूसीला गेलो. पंप दीड किलोमीटरवर, पण रस्त्याचं काँक्रीटीकरण चाललेलं. अर्धा रस्ता पत्र्यांच्या आड, उरलेल्या अर्ध्यात दोन्हीकडची वाहनं समोरासमोर येऊन एकमेकांना संस्कार शिकवत होती. पोचायला पाऊण तास. म्हणजे आपण धूर किती सोडतो हे मोजून घ्यायला म्हातारी पाऊण तास पहिल्या गिअरमध्ये धूर सोडत गेली.

पीयूसीची व्हॅन पंपाच्या कोपऱ्यात असते. आत एक संगणक, एक प्रिंटर, गणपतीचा फोटो, त्याच्यासमोर उदबत्ती. प्रदूषण मोजणाऱ्या व्हॅनमध्येच उदबत्तीचा एवढा धूर, पण ते बोलायची माझी छाती नव्हती. प्रमाणपत्र त्याच्या हातात.

"काका, गाडी चालूच ठेवा. न्यूट्रल. रेस देऊ नका," म्हणत पोराने सायलेन्सरमध्ये नळी सारली. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. आयसीयूच्या काचेबाहेर नातेवाईक उभे राहतात ना, तसे. आकडा वर गेला, खाली आला, परत वर गेला, आणि कार्बन मोनॉक्साइड ०.३१ टक्क्यांवर थांबला. मर्यादा ०.५. म्हातारी पास! मी बॉनेटवर थाप मारली. तेवढ्याने एक स्क्रू पडला.

"आता फोटो," पोरगा म्हणाला, आणि मोबाइल खाली घेतला. "नंबर दिसत नाही काका. पुसा."

नंबरप्लेट खरंच दिसत नव्हती. सकाळीच धुतली होती मी ती. ही नवी, हाय सिक्युरिटीवाली; मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली तेव्हा कुठे एकदाची बसवलेली. पाऊण तासात तिच्यावर सिमेंटचा असा थर बसला होता की बोटाने सही करता आली असती. रुमाल काढला, पुसली. रुमाल पांढरा होता, तो राखाडी झाला. पोराने सायलेन्सरमधली नळी बाहेर काढून पँटीला पुसली, पँटीवर काही उठलं नाही. मी रुमालाकडे बघितलं, मग नळीकडे बघितलं. तेवढ्यात मागचा रिक्षावाला ओरडला, "अहो, हलवा की!" त्यामुळे विचार अर्धाच राहिला.

संध्याकाळी सोसायटीची सभा. विषय गळक्या टाकीचा, पण आमच्या सभेत टाकी कधीच पहिल्या तासात येत नाही. २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टाने मुंबईतून पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने काढता येतील का, असं विचारलं आणि सरकारने सात जणांची समिती नेमली, तेव्हापासून आमच्याकडेही एक समिती आपोआप बसलेली आहे. तिला मुदत नाही.

"जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेणारा झोन झालाच पाहिजे," ३०४ म्हणाले. त्यांच्याकडे गाडी नाही. ६०१ ने इलेक्ट्रिक घेतलीय, त्यांचा तर जाहीर पाठिंबा, फक्त चार्जिंगचं मीटर सोसायटीच्या नावावर असावं एवढीच नम्र सूचना. ५०२ ची डिझेलची सात आसनी, चालवतात एकटे. "माझी बीएस-६ आहे," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बघितलं.

मी लंडन काढलं. पुतण्या तिकडे हॅरोत राहतो, त्यामुळे लंडनचा अधिकृत प्रवक्ता मी. तिथल्या झोनमध्ये पेट्रोलची गाडी युरो-४ (आपलं बीएस तसं त्यांचं युरो) च्या खालची आणि डिझेलची युरो-६ च्या खालची असेल, तर दिवसाला साडेबारा पौंड. आपले चौदा-पंधराशे रुपये. नाक्यावर थांबवत नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो. "कॅमेरा?" ३०४ म्हणाले. "आपल्याकडे नंबर दिसेल का?" मी खिशातला रुमाल हळूच आत ढकलला.

खरं भांडण तिकडे पैशांवरून कमी आणि वेशीवरून जास्त झालं. २०१९ ला झोन फक्त मध्य लंडनपुरता होता तेव्हा पुतण्या त्याच्या बाजूने तावातावाने बोलायचा. २०२१ मध्ये वेस सरकली, तरी बोलायचा. २९ ऑगस्ट २०२३ ला अख्खं लंडन आत आलं, त्यात हॅरोही आलं, आणि त्याचा फोन आला, "काका, हा सरळ अन्याय आहे." त्याची डिझेल गाडी होती. त्यांच्या कौन्सिलसकट पाच कौन्सिलं कोर्टात गेली होती, हरली होती. लोकांनी रात्री खांबांवरचे कॅमेरे कापले. पुतण्याने मात्र सरकारी योजनेत गाडी भंगारात देऊन दोन हजार पौंड घेतले. दोन हजार! मी त्याला विचारलं की म्हातारी बोटीने पाठवली तर? भाडं वजा जाता फायदाच दिसत होता. त्याने विषय बदलला.

आमची वेस कुठे पडेल, यावर मग सभेने खरा रंग धरला. मुलुंडकराला नातेवाईक 'अगदी लांब राहता हो तुम्ही' म्हणतात, दादरचे लोक आम्हाला ठाण्यात ढकलतात. पण कर घ्यायची वेळ आली की आम्ही शंभर टक्के मुंबई. चेकनाक्यापलीकडे ठाणं सुरू होतं. म्हणजे म्हातारी रस्त्याच्या या कडेला गुन्हेगार आणि त्या कडेला निर्दोष. पैसे घ्यायला नाके आहेतच, फक्त २०२४ च्या ऑक्टोबरात हलक्या वाहनांचा टोल पाचही नाक्यांवर बंद झाला. त्या टोलसाठी आम्ही इतकी वर्षं कंठशोष केला. तो परत, आणि हवेच्या नावाने?

"लंडनमध्ये नाताळच्या दिवशी माफ असतं," मी माहिती पुरवली. हे मात्र सगळ्यांना पटलं. आपल्याकडे गणपतीचे दिवस माफ हवेत, कोकणवाल्यांना टोलमाफी मिळते तशीच. मग ६०१ ने नवरात्र मागितली. ३०४ म्हणाले, पितृपक्षात गाडी तशीही कुणी घेत नाही, तोही जोडा. ५०२ ने लग्नसराई काढली. वर्षाचे साठेक दिवस झोनला शिल्लक राहिले असतील.

दिल्लीचंही निघालं. तिथे २०२५ च्या जुलैत मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर तेल द्यायचं बंद केलं आणि काही दिवसांतच माघार घेतली. ५०२ ला हे फार आवडलं. डिझेलला तिथे तेव्हा दहाच वर्षं मिळायची हे मी सांगितल्यावर जरा कमी आवडलं.

२०३ मधली चार वर्षांची पोर हिवाळाभर नेब्युलायझरवर होती. तिची आई सभेला होती. ती शेवटपर्यंत काही बोलली नाही, मध्येच वरून खोकल्याचा आवाज आला तशी उठून गेली. मग दोन मिनिटं आम्हीही टाकीबद्दल बोललो.

घरी येऊन मी पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, चाळीस वर्षांवरच्या जुन्या गाड्यांना तिकडे झोन माफ असतो. ऐतिहासिक म्हणून! मी लगेच कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. म्हातारी २०४९ मध्ये ऐतिहासिक होते. चोवीस वर्षं, वर्षाला दोन पीयूसी, एकूण अठ्ठेचाळीस.

"अठ्ठेचाळीसच काढायच्यात," मी बायकोला सांगितलं.

ती बादलीत माझा रुमाल तिसऱ्यांदा चोळत होती. "आणि रुमाल किती लागतील हो?"