अडुळसा, खोकला आणि दवाखाना : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

परसातल्या औषधी झाडांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत : 'विडी वळणाऱ्या बायका खोकल्यावर काढे पीत बसतात आणि आमच्याकडे येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. असे लेख त्यात भर घालतात. गुळवेलीने तर लोकांची लिव्हर गेली. आणि सोलापुरात पाण्याची ही तऱ्हा असताना कुंड्या कसल्या भरताय?' तुम्ही परिचारिका आहात, रोज हे पाहता, म्हणून सविस्तर लिहिते.

खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासून घ्यायलाच हवी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. दिवसभर मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरणाऱ्या बाईला क्षयाची शंका असताना अडुळसा देत राहणं हा तिच्यावर अन्यायच. पण ताई, ती उशिरा येते ती माझा लेख वाचून नव्हे. मजुरी हजार विड्यांवर मिळते. दवाखान्याच्या रांगेत सकाळ गेली की त्या दिवसाचा हिशेब कोसळतो. मग दारातलं पान उकळणं तिला परवडतं. दारातलं झाड उपटून ती लवकर येईल, असं मला वाटत नाही. त्या पानाने काय होतं आणि काय होत नाही, हे तिला नीट सांगितलं, तर कदाचित येईल.

अडुळशात दम आहे. खोकल्याच्या औषधांत असणारं ब्रोमहेक्झिन याच पानांतल्या व्हॅसिसिनवरून तयार झालं. कफ पातळ करण्याचा गुण तिथूनच आला. पण पानात काम करणारं द्रव्य आहे म्हणजे त्याला मर्यादाही आहे. ते गर्भाशयावरही परिणाम करू शकतं, म्हणून गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. कोरफडीचंही तसंच. साल काढल्यावर गळणारा पिवळा चीक जुलाब करतो; भाजल्यावर लावायचा तो आतला स्वच्छ गर.

गुळवेलीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. करोनाच्या काळात लोकांनी ती महिनोन्‌महिने घेतली आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. दिसायला सारख्या दुसऱ्या वेलीचा हा घोटाळा, असं तेव्हा आयुष मंत्रालयाने म्हटलं होतं. पण नंतर खऱ्या गुळवेलीनेही तसं झाल्याचं अनेक शहरांतल्या रुग्णांवरून दिसलं. त्यामुळे आपल्याच कडुलिंबावर चढलेली, ओळखीची वेल असली तरी रोजचा काढा नको. थायरॉइड किंवा संधिवातासारखा, शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार असेल तर मुळीच नको.

आता पाणी. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, हे मीही भोगते. म्हणूनच वेखंड किंवा ब्राह्मी लावा असं मी कधी सांगत नाही. त्यांना कायम ओल लागते. अडुळसा, निर्गुंडी, कोरफड, पानओवा यांना तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी पुरतं. अडुळशाला तर शेळीही तोंड लावत नाही, त्यामुळे कुंपणाचा खर्च नाही. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने मात्र तुळशीची पानं कडेने करपतात. साबणाचं पाणी खायच्या कुठल्याच झाडाला घालू नये. गवती चहा मे महिन्यात रोज पाणी मागतो; ते जमत नसेल तर तो जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर लावावा.

दोन आठवड्यांच्या खोकल्याची ओळ मी मूळ लेखात अडुळशाच्या परिच्छेदाच्या वरच ठळक टाकते आहे. तुमच्या दवाखान्यात थुंकी तपासणीचे वार आणि वेळ ठरलेले असतील तर कळवा, तेही तिथेच देते.