ब्लीचिंग आणि अॅसिड एका बादलीत घालू नका: पुरानंतरच्या सफाईच्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात बडोद्याजवळच्या आजवा तलावाचं पाणी चढत असल्याची बातमी आली आणि त्याच संध्याकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. 2024 च्या पुरात हाच मेसेज माझ्या आत्याकडे आला होता. तिने तो खरा मानला आणि पुढचे पंधरा दिवस ती खोकत होती. म्हणून या वेळी नुसतं 'हे खोटं आहे' एवढं लिहून मी गप्प बसणार नाही.

मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं: अमेरिकेतलं न्यू ऑर्लीन्स शहर कॅटरिना चक्रीवादळानंतर आठ दिवसांत चकाचक झालं, कारण तिथले लोक सरकारची वाट बघत बसले नाहीत. त्यांची पद्धत म्हणे अशी. ब्लीचिंग पावडरमध्ये अॅसिड घालून फरशी आणि भिंती धुवायच्या, दोन्ही एकत्र केलं की दुप्पट सफाई. मग दारं-खिडक्या घट्ट लावून आत कोळशाची शेगडी पेटवायची, रात्रीत भिंती सुकतात. टाकीत तुरटी फिरवली की पाणी प्यायला चालतं. फ्रिज आणि वॉशिंग मशीन लगेच चालू करायचं, आतला ओलावा उडून जातो. शेवटी, 'बडोद्यातल्या प्रत्येक घरी पोचवा.'

आधी बादलीबद्दल.

आत्याचं घर बडोद्यातल्या अकोट्याला, तळमजल्यावर. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी 25 फूट आहे, त्या ऑगस्टच्या अखेरीस पाणी 35 फुटांच्याही वर गेलं होतं. घरात ते देव्हाऱ्याच्या खालच्या फळीला लागलं. आत्याला आम्ही आधीच वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं होतं, म्हणून निभावलं. पाणी उतरल्यावर आत पाऊल टाकलं तर घोट्याएवढा गाळ. प्लायवूडचं कपाट फुगून त्याचे खण जाम झालेले. चारी भिंतींवर दोरी लावून आखल्यासारखी तपकिरी रेघ. आम्ही फावड्याने गाळ बाहेर ओढत होतो आणि तिकडे आत्या एकटी न्हाणीघरात शिरली. मेसेजमध्ये लिहिलं होतं तसंच केलं तिने. हिरव्या प्लास्टिकच्या बादलीत ब्लीचिंगची अर्धी पिशवी, त्यावर बाथरूम साफ करायचं अॅसिड. घाण वास घरभर नको म्हणून दारही लोटून घेतलं होतं.

मिनिटभरात ती पदर नाकातोंडाशी धरून बाहेर आली. डोळे लालभडक, तोंडातून शब्द फुटेना, नुसती खोकल्याची उबळ. बादलीत फेस उसळत होता आणि तिच्या काठावरून पिवळट-हिरवट धूर खाली फरशीवर उतरत होता. माझा चुलतभाऊ बादली उचलायला आत निघाला, त्याला दंडाला धरून मागे ओढला. सगळे अंगणात गेलो, तासभर कुणी आत पाऊल टाकलं नाही. डॉक्टरांनी आत्याला वाफेचं औषध दिलं, घरी पाठवलं. तिचं वय 71. दार लोटलेल्या त्या न्हाणीघरात ती आणखी दोन मिनिटं थांबली असती तर काय झालं असतं, याचा विचार मला अजूनही करवत नाही.

तो धूर म्हणजे क्लोरीन. ब्लीचिंग पावडरमधला जो क्लोरीन पाण्यात राहून हळूहळू जंतू मारतो, तोच अॅसिड पडलं की वायू होऊन एकदम सुटतो. हवेपेक्षा तो जवळजवळ अडीच पट जड, म्हणून वर उडून जात नाही, खाली साठतो. म्हणजे नेमका तिथे, जिथे माणूस वाकून फरशी घासत असतं आणि लहान पोर रांगत असतं. 22 एप्रिल 1915 ला पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियममधल्या ईप्रजवळ शत्रूच्या खंदकांवर हाच वायू सोडला होता. आणि 'दोन्ही एकत्र केलं की दुप्पट सफाई' हेही साफ खोटं, कारण जंतू मारायला जो क्लोरीन पाण्यात राहायला हवा तोच उडून जातो. बादलीत उरतं ते निकामी पाणी.

मेसेजला अमेरिकेचा दाखला लागतो ना, मग अमेरिकेचाच घ्या. तिथलं सरकारी रोगनियंत्रण केंद्र म्हणजे सीडीसी. पुरानंतर घर कसं साफ करावं याच्या त्यांच्या सूचना कुणालाही वाचता येतात. त्यात स्पष्ट लिहिलंय की ब्लीच अमोनियात किंवा दुसऱ्या कुठल्याही साफ करायच्या द्रावणात कधीही मिसळू नका. बुरशीसाठी बाजारातलं पातळ ब्लीच वापरायचं तर एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पाण्यात जास्तीत जास्त एक कप, तेही दारं-खिडक्या उघडी ठेवून आणि हातमोजे घालून. ब्लीच चिखलावर ओतूनही उपयोग नाही, सगळा जोर चिखलातच संपतो. आधी गाळ काढायचा, तोही ओला असतानाच, वाळला की तासावा लागतो. मग साबणाच्या पाण्याने घासायचं. ब्लीच त्यानंतर.

आता शेगडी. बादलीइतकाच हा मुद्दा जिवावरचा आहे, फक्त इथे डोळे चुरचुरत नाहीत, वास येत नाही, त्यामुळे कुणी पळतही नाही. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, माणूस थकवा समजून आडवा होतो आणि उठत नाही. शेगडी पेटवून बंद खोलीत झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या दर हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. आपण त्या वाचतो, हळहळतो, आणि तरीही हा मेसेज पुढे ढकलतो?

खुद्द कॅटरिनानंतर त्या किनाऱ्यावर लोकांना याच वायूची विषबाधा झाली, काही दगावले, आणि त्याची नोंद याच सीडीसीने केली आहे. वीज नव्हती म्हणून लोकांनी जनरेटर घराला खेटून चालवले होते. जनरेटर दार-खिडक्यांपासून निदान 20 फूट लांब ठेवा आणि कोळसा घरात पेटवूच नका, असं ते कळकळीने सांगतात. म्हणजे तिथल्या माणसांचा जीव ज्याने गेला तीच गोष्ट हा मेसेज 'तिथली पद्धत' म्हणून आपल्याला शिकवतोय.

आणि घर बंद ठेवून भिंती सुकत नाहीत. ओल आत कोंडते. भिजलेली वस्तू 24 ते 48 तासांत सुकली नाही तर बुरशी धरते. आत्याच्या मागच्या खोलीची खिडकी फुगून बसली होती, उघडता येईना, म्हणून चार दिवस तशीच ठेवली. पाचव्या दिवशी कपाटामागची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. समोरच्या खोलीत दिवसभर वारा होता, तिथे एक डाग नाही.

'आठ दिवसांत चकाचक' हे कुणी कुठून काढलं ते देव जाणे. कॅटरिना 29 ऑगस्ट 2005 ला किनाऱ्यावर आलं. बांध फुटले, शहराचा 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. मिसिसिपी नदी आणि पाँचरट्रेन सरोवर यांच्या मधलं ते शहर, बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली, त्यामुळे पाणी आपोआप ओसरत नाही, पंपांनी उपसावं लागतं. सप्टेंबरच्या अखेरीस रीटा वादळ आलं आणि काही वस्त्यांत पुन्हा पाणी भरलं. उपसा संपला तो 11 ऑक्टोबरला. नुसतं पाणी काढायला 43 दिवस. त्या ऑक्टोबरात सीडीसीच्या लोकांनी त्या भागातली 112 घरं पाहिली, जवळजवळ निम्म्या घरांत बुरशी डोळ्यांना दिसत होती. आठवडेच्या आठवडे बंद राहिलेले फ्रिज उघडायची सोय नव्हती, लोकांनी ते चिकटपट्टीने गुंडाळून रस्त्याच्या कडेला आणून ठेवले. ज्या सुपरडोम स्टेडियममध्ये हजारो लोकांनी आसरा घेतला होता, ते पुन्हा उघडलं 25 सप्टेंबर 2006 ला. शहराची लोकसंख्या 2000 च्या जनगणनेत 4,84,674 होती, 2010 मध्ये 3,43,829. दहा वर्षांतली ही घट बहुतेक त्या पुराचीच. कित्येक घरांचे मालक कधी परतलेच नाहीत, त्या शहराला 'आठ दिवसांत चकाचक' म्हणणं मला क्रूर वाटतं.

लोकांनी हात-पाय हलवले, एवढं मात्र खरं. लांबलांबून स्वयंसेवक आले आणि कित्येक महिने घराघरातून भिजलेले भिंतींचे बोर्ड उपसत राहिले. पण आपल्या भिंती विटांच्या, प्लास्टरच्या. त्यांच्यासारखी भिंत सोलून टाकता येत नाही, तिला उघड्या वाऱ्यावर सुकूच द्यावं लागतं. आपलं पाणी दोन-तीन दिवसांत ढाढर नदीकडे उतरतं आणि मागे गाळ ठेवून जातं, ही दुखणीच वेगळी. मदतीचं म्हणाल तर आमच्या सोसायटीतल्या पोरांनी ट्रॅक्टरवरून दूध आणि पाणी पोचवलं. त्यांना न्यू ऑर्लीन्सची गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

तुरटीबद्दल अर्धं कबूल करतो. आमच्या आजीच्या काळापासून फिरवतात, आणि गढूळपणा खाली बसतो हे डोळ्यांनी दिसतं. पण निवळलेलं पाणी जंतुमुक्त नसतं. पुराचं पाणी जमिनीखालच्या टाकीत शिरलं असेल, गटाराचं त्यात मिसळलं असेल, तर टाकी उपसून धुवावीच लागते. तोवर पाणी खळखळून उकळा, निदान एक मिनिट. आरोग्य कर्मचारी क्लोरीनच्या गोळ्या देतात, त्या पाकिटावरच्या प्रमाणात वापरा, अंदाजाने नको.

फ्रिज आणि मशीनचं एका वाक्यात सांगतो: भिजलेल्या कुठल्याही यंत्राचा प्लग इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय लावू नका, आणि मीटरच्या पेटीत पाणी गेलं असेल तर मेन स्विचलाही हात नको.

काल आत्याला फोन करून सांगितलं की मेसेज पुन्हा फिरतोय. ती म्हणाली, "माझ्या भजनी मंडळातसुद्धा आलाय रे सकाळी." संध्याकाळी तिने त्याच ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला आणि मलाही पाठवला. मध्ये एकदा तिला खोकला येतो, ती थांबते, मग पुढे बोलते: "बायांनो, हे मी करून बसले आहे. बादलीत दोन्ही एकत्र घालू नका. खिडक्या उघडा, आणि कुणाला मदत लागली तर माझ्या पुतण्याला फोन करा, तो फावडं घेऊन येईल."